एमजीबीत व्ही-८ आणि मडगार्डातून जाणारे हेडर: दहा महिन्यांनंतर

आधी निकाल सांगतो: हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच) उत्तम, बसवणं मात्र डोक्याला ताप. त्यातला निम्मा ताप मी स्वतःच ओढवून घेतला.

गाडी एमजीबी जीटी, म्हणजे एमजी या ब्रिटिश कंपनीची जुनी स्पोर्ट्स कार, रबर बंपरवाली. मूळचं १.८ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन काढून रोव्हर कंपनीचं ३.५ लिटर व्ही-८, म्हणजे दोन तिरक्या रांगांत आठ सिलिंडर असलेलं इंजिन टाकलं. हा काही आगाऊपणा नाही, कंपनीनेच १९७३ ते १९७६ मध्ये अशी गाडी विकली होती. ब्लॉक (इंजिनाचा मुख्य सांगाडा) आणि हेड (सिलिंडरवरचं झाकण) दोन्ही अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे पुढचा भार फारसा वाढत नाही. अडचण वजनाची नसून रुंदीची आहे.

इंजिनला चिकटून खाली उतरणारे हेडर सोपे पडतात, पण सगळी उष्णता बॉनेटखालीच कोंडते. म्हणून १९९०च्या दशकातल्या एमजीच्याच आरव्ही-८ या गाडीसारखे, आतल्या मडगार्डातून आरपार जाऊन चाकामागून उतरणारे स्टेनलेसचे घेतले. त्यासाठी मडगार्डाला भोकं पाडावी लागतात. पहिल्यांदा ग्राइंडर लावताना हात थरथरला, खोटं कशाला सांगू!

चूक इथे झाली: इंजिन ज्यांवर बसतं ते फाउंडेशनचे ब्रॅकेट मी आधीच पक्के वेल्ड केले. मग हेडर लावले, तर स्टिअरिंगच्या दांड्यापासून एका नळीचं अंतर जेमतेम बोटभर. उभ्या गाडीत ते पुरेसं वाटतं. पण रबरावरचं इंजिन अ‍ॅक्सिलरेटर दाबताच एका बाजूला कलतं. नळीवर मातीचा गोळा थापला, गाडी सुरू करून दोन-तीनदा झटका दिला आणि पाहिलं तर माती चपटी होऊन दांड्याची खूण उमटलेली. ब्रॅकेट कापून इंजिन थोडं सरकवलं. तेव्हा आधी इंजिन नुसतं टांगा, हेडर लावा, स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवून बघा आणि वेल्डिंग सगळ्यात शेवटी करा.

बोल्टांचं वेगळंच. अ‍ॅल्युमिनियमच्या हेडमध्ये जोर लावला की आटे गेलेच समजा. माझा मागचा एक गेला, हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) घालावं लागलं. तिथे पाना जेमतेम अष्टमांश फेरा वळतो, त्यामुळे आता सगळे बोल्ट आधी हाताने बसवतो, आट्यांना अँटी-सीझ (बोल्ट जाम होऊ न देणारं वंगण) लावतो आणि मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला घट्ट करत जातो.

दुसऱ्या महिन्यात थंड इंजिनावर टिकटिक सुरू झाली. पाच मिनिटांत ती गायब व्हायची. आधी टॅपेटवर (व्हॉल्व्ह हलवणारा इंजिनातला भाग) संशय घेतला. मग व्हॅक्यूम क्लीनरची फुंकर सायलेन्सरच्या टोकातून सोडली आणि हेड आणि हेडरमधल्या पॅकिंगवर साबणाचं पाणी मारलं, तर तिसऱ्या पोर्टपाशी (धूर बाहेर पडायच्या तोंडापाशी) बुडबुडे. अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावरची फटफटही तिथूनच हवा ओढली जात असल्याने होती. कारण साधं आहे: एका बाजूचे चारही पोर्ट हेडरच्या एकाच अखंड पट्टीवर, आणि तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम स्टेनलेसपेक्षा जास्त फुगतं. दोन्ही सोबत सरकत नाहीत, मग पॅकिंग घासून निघतं. पट्टी पोर्टांच्या मधे कापली, भोकं कानशीने लांबट केली, नवं पॅकिंग घातलं. आठवडाभर चालवल्यावर थंड इंजिनावर बोल्ट पुन्हा तपासले. दोन सैल निघाले. तेव्हापासून टिकटिक नाही.

उष्णतेचा फायदा खरा आहे. गर्दीत थांबलं तरी गरम इंजिनावर सेल्फ एका झटक्यात फिरतो. तोटेही आहेत. पावसात चाकाचा चिखल नळ्यांवर उडतो आणि जळका वास येतो. नळ्यांना गुंडाळायची पट्टी लावायचा मोह झाला होता, पण ती ओल धरून ठेवते म्हणून टाळली. भोकांना रबराचे पडदे लावले. एक वितळला, दुसरा अजून टिकून आहे.

पुढच्या सर्व्हिसला स्टिअरिंगच्या बाजूचा तो हेलिकॉइलवाला बोल्ट काढायचा आहे. पाना आधीच ग्राइंडरवर घासून बारीक करून ठेवलाय.