घरपोच येणारे आमच्या भागातले जनावरांचे डॉक्टर : साडेचार स्टार

मार्गशीर्षातल्या थंडीत आमची दुसऱ्या वेताची एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीची) गाय वैरण सोडून, मान लांब करून उभी राहिली. नाकातून शेंबूड, धाप, ताप १०५.६ (एरवी १०१.५ च्या आसपास). शेजारचे आप्पा काढ्याची बाटली घेऊन हजर! डॉक्टरांनी फोनवरच ओरडून थांबवलं. धापणाऱ्या जनावराला बाटलीनं पाजलं की काढा श्वासनळीत उतरतो आणि फुफ्फुसं आणखी बिघडतात. फी इथंच वसूल झाली.

आल्या आल्या सुई टोचली नाही. छाती दोन्ही बाजूंनी ऐकली, घटसर्पाची लस कधी टोचली ते विचारलं. मग ऑक्सिटेट्रासायक्लिन हे अँटिबायोटिक, तापाला मेलोक्सिकॅम, आणि गोठ्याचे पडदे वर करायचा हुकूम. थंडी लागू नये म्हणून आम्ही चारी बाजूंनी पोती बांधली होती. आत मुताच्या वासानं डोळे झोंबत होते, ते आम्हाला सवयीनं कळतच नव्हतं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, तरी सगळी इंजेक्शनं पूर्ण करायला लावली.

अर्धा स्टार कापला, कारण या औषधांमुळे दूध किती दिवस डेअरीला घालायचं नाही हे मलाच विचारावं लागलं. पावतीही मागितल्याशिवाय मिळत नाही.