चिप्सवर काय: एडिनबरोचा सॉस की ग्लासगोचं व्हिनेगर?

ही दोन स्कॉटिश शहरं जेमतेम 75 किलोमीटरवर, पण चिप्सच्या (वेफर्स नव्हे, बटाट्याच्या जाड तळलेल्या फोडींच्या) दुकानातला प्रश्न बदलतो. ग्लासगोत विचारतात ‘सॉल्ट अँड व्हिनेगर?’, एडिनबरोत ‘सॉल्ट अँड सॉस?’

हा सॉस म्हणजे टोमॅटो केचप नव्हे. ब्राउन सॉस, म्हणजे ब्रिटनमधला घट्ट तपकिरी सॉस, व्हिनेगर किंवा पाण्याने पातळ करून बाटलीत भरतात आणि चिप्सवर सढळ हाताने ओततात. ब्राउन सॉसमध्ये बरेचदा चिंच असते, म्हणून त्याचा आंबटगोडपणा आपल्या जिभेला लगेच पटतो. शिवाय इथल्या चिप्स जाड नि मऊ, सॉस छान मुरतो. फक्त लगेच खा, नाहीतर लगदा होतो.

व्हिनेगर तेलकटपणा मारतं, बटाट्याची चव झाकत नाही. मात्र अनेक दुकानांत ते खरं व्हिनेगर नसतंच. अ‍ॅसेटिक आम्ल, पाणी आणि कॅरॅमलचा रंग! तरी वास तोच, झणझणीत.

माझं मत सॉसला. माशासोबत मात्र व्हिनेगरच बरं.

शाकाहारी असाल तर आधी तळण कशात आहे ते विचारा. काही दुकानांत, विशेषतः इंग्लंडमधल्या यॉर्कशायरमध्ये, गोमांसाची चरबी वापरतात.