गाडी धुण्यासाठी हातातले फवारणी पंप: काही महिन्यांच्या वापरानंतर

गाडीसाठी दीड-दोन लिटरचा हातातला फवारणी पंप घ्यायला निघालेला माणूस बहुधा दोनच गोष्टी विचारतो: बाटली किती लिटरची आहे आणि फेस किती दाट येतो. गेला पावसाळा संपल्यापासून मी तीन निरनिराळ्या प्रकारचे पंप पुण्यातील आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये आलटून पालटून वापरत आहे आणि या दोन्ही गोष्टी दुय्यम आहेत असे माझे मत झाले आहे. पंपात कोणता द्रव भरायचा ते आधी ठरवावे, आणि त्या द्रवापुढे ज्या पंपातले रबर टिकेल तो पंप घ्यावा.

तिन्हींपैकी एक आहे रोपवाटिकेत तीन-चारशे रुपयांना मिळणारा, झाडांवर पाणी मारायचा साधा पंप. दुसरा आहे स्पेनमधील गोइझपर या कंपनीचा आयके मल्टी प्रो 2, आणि तिसरा त्याच कंपनीचा फेसाचा पंप, आयके फोम प्रो 2. ही कंपनी शेतीचे फवारणी पंपही बनवते आणि तिचे माताबी या नावाचे फवारणी पंप जुने आहेत. आयात माल असल्यामुळे आपल्याकडे त्यांची किंमत हजारांत जाते, म्हणून साध्या पंपाशी तुलना करणे भाग आहे.

आमच्या पार्किंगमध्ये नळ नाही, आणि एप्रिल-मे महिन्यांत सोसायटीच टँकरवर चालते. बेंगळुरूच्या जलमंडळाने मार्च 2024 मध्ये पिण्याच्या पाण्याने गाड्या धुण्यावर बंदी घालून 5,000 रुपये दंड ठेवला होता. ती वेळ आपल्याकडे येणारच नाही असे समजण्याचे कारण नाही. त्यामुळे माझे बहुतेक काम ऑप्टिमम नो रिन्ससारख्या, नंतर पाण्याने खळखळून धुवावे न लागणाऱ्या द्रवाने चालते. त्याचे प्रमाण एकास 256 असल्यामुळे दीड लिटर पाण्याला जेमतेम 6 मिली पुरते. हे मिश्रण पत्र्यावर फवारून मिनिटभर धूळ भिजू द्यायची आणि मग भिजवलेल्या मायक्रोफायबरच्या फडक्याने, न रगडता, एका दिशेने उचलून घ्यायची. रोज सकाळी एकाच बादलीत एकच फडके बुडवून साऱ्या इमारतीच्या गाड्या पुसल्या जातात, त्यात बोनेटवर जे गोल गोल ओरखडे उमटतात, ते या पद्धतीत पुष्कळ कमी होतात.

एवढ्याच कामासाठी पंप हवा असेल, तर रोपवाटिकेतला पंप पुरतो. त्याचे पितळी नोझल फिरवून फवारा बारीक-जाड करता येतो आणि इतक्या पातळ मिश्रणाचा त्याच्या रबरावर काहीही परिणाम दिसला नाही. दोष आहेत ते बनावटीचे. त्याचा तळ अरुंद असल्यामुळे पंप फरशीच्या उतारावर सहज कलंडतो, आणि आतली शोषनळी बाटलीच्या मधोमध सरळ उतरत असल्यामुळे दाराच्या खालचा भाग किंवा बंपर फवारताना पंप पुढे झुकवला, की द्रव पुढच्या कोपऱ्यात जमा होतो आणि नळी हवा ओढून फुर्र-फुर्र करू लागते. बाटलीत पाव लिटर शिल्लक असतानाही असे होते. घेताना झाकण काढून नळी पाहावी. ती नोझलच्या दिशेच्या कोपऱ्याकडे वळलेली असेल तर हा त्रास बराच टळतो.

बाटली किती भरावी याचाही इथे संबंध येतो. या पंपांत दाब टिकवते ती द्रवावरची हवा. दोन लिटरच्या बाटलीत सव्वा लिटर द्रव भरला तर पाऊण लिटर हवा उरते, आणि अडीच बार दाब दिल्यानंतर अर्धा लिटर फवारला तरी साधारण एक बार शिल्लक राहतो. तीच बाटली पावणेदोन लिटरपर्यंत भरली तर हवेला पाव लिटरच जागा मिळते आणि तेवढाच पाव लिटर द्रव बाहेर जाईपर्यंत दाब पाऊण बारवर येतो, म्हणजे फवाऱ्याचे थेंब होऊन ठिबकू लागतात. बाटलीवर भरण्याची रेष तोंडाच्या मानाने इतकी खाली का, याचे उत्तर हे आहे; कमी भरलेल्या बाटलीला सुरुवातीला दट्ट्या जास्त वेळा मारावा लागतो, पण नंतर हात मोकळा राहतो.

साधा पंप कमी पडतो तो रसायनांच्या बाबतीत. ब्रेकच्या पुडीने रिमवर बसलेले लोखंडी कण विरघळवून जांभळा ओघळ सोडणारे द्रव, डांबराचे डाग काढणारे सॉल्व्हंट, इंजिनची तेलकटी काढणारे अल्कधर्मी क्लीनर, यांतील प्रत्येकाचे रबराशी असलेले वैर वेगळे आहे. स्वस्त पंपात बहुधा नायट्राइल रबर असते. व्हिटॉन हे रबर तेले, पेट्रोलियम सॉल्व्हंट आणि बरीचशी आम्ले सोसते, पण तीव्र अल्कली आणि थिनरमधील अ‍ॅसिटोन त्याला मानवत नाहीत. ईपीडीएम या तिसऱ्या रबराचे नेमके उलटे आहे: अल्कलीपुढे ते उत्तम टिकते, परंतु तेल लागले की फुगते. मल्टी प्रो 2 मध्ये व्हिटॉनची सील आहेत, आणि माझ्याकडे लोहकण काढण्याचा द्रव व डांबर काढण्याचा द्रव यांच्यासाठी तो कुरकुर न करता चालला आहे. दट्ट्या आजही पहिल्यासारखा घट्ट बसतो. रोपवाटिकेतल्या पंपात मी डांबर काढण्याचा द्रव मुद्दाम भरून पाहिला, तेव्हा ट्रिगरमधील ओ-रिंग, म्हणजे गळती रोखणारे गोल रबरी कडे, फुगून ट्रिगर दाबलेल्या अवस्थेतच अडकला आणि नवी ओ-रिंग बसवावी लागली.

तणनाशकाचा पंप कीटकनाशकाला वापरू नये, हे शेतीत कोणाला शिकवावे लागत नाही. गाडीच्या पंपांनाही तोच नियम लावावा आणि बाटलीवर जाड मार्करने द्रवाचे नाव लिहून ठेवावे. विशेषतः ब्लीच आणि आम्ल एकाच पंपात आगेमागेही जाऊ देऊ नये, कारण त्यांच्या मिश्रणातून क्लोरीन वायू सुटतो. तीव्र द्रव मारताना नोझल अगदी बारीक धुक्यावर न ठेवता थोडे जाड ठेवावे. धुके नाकातोंडात जाते आणि बंदिस्त पार्किंगमध्ये ते लवकर विरतही नाही.

फेसाच्या पंपाबद्दल मात्र मला हात आखडूनच लिहावे लागेल. फोम प्रो 2 सोबत ओला आणि कोरडा फेस करण्यासाठी बदलता येणारे मिक्सर मिळतात आणि यंत्र म्हणून त्याला नाव ठेवायला जागा नाही. परंतु हे पंप दोन-तीन बार दाबावर चालतात, प्रेशर वॉशर शंभराच्या वर जातो, त्यामुळे चित्रफितींतला साबुदाण्याच्या खिचडीसारखा दाट थर यातून येईल ही अपेक्षाच चुकीची आहे. शिवाय आमचे बोअरचे पाणी क्षारयुक्त आहे आणि त्यात शॅम्पूचा फेस मुळातच लवकर बसतो; घरच्या शुद्धीकरण यंत्रातील गोड्या पाण्यात तोच शॅम्पू घातला की फरक डोळ्यांना दिसतो. (त्या यंत्रातून वाया जाणारे पाणी गाडीला वापरावे असा सल्ला हमखास मिळतो, पण त्यात क्षार साठून आलेले असतात आणि काळ्या रंगावर त्याचे पांढरे ठिपके राहतात.) आणि फेस मारल्यावर तो धुऊन काढायला वाहते पाणी लागतेच, ते आमच्याकडे नाही. द्रुतगती मार्गावरून आल्यावर बंपरवर चिकटलेले किडे भिजवायला आणि टायरवर क्लीनर थोडा वेळ धरून ठेवायला हा पंप उत्तम आहे. ज्यांच्याकडे अंगण, नळ आणि सांडपाण्याची वाट आहे त्यांनी तो अवश्य घ्यावा. सोसायटीतल्या माणसाने आधी मल्टी घ्यावा.

निगा फारशी नाही, पण जी आहे ती टाळू नये. काम संपल्यावर सुरक्षा झडप ओढून दाब सोडावा, मगच झाकण फिरवावे. त्यानंतर स्वच्छ पाणी भरून ते नोझलमधून फवारून टाकावे. सिरॅमिक स्प्रे (रंगावर संरक्षक थर देणारा द्रव) वापरला असेल तर हे त्याच वेळी करावे, कारण तो आत वाळला की नोझल सुटता सुटत नाही. क्षारांनी फवारा वाकडा जाऊ लागला तर नोझल काढून लिंबूसत्त्वाच्या पाण्यात थोडा वेळ ठेवले की मोकळे होते. दट्ट्याच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावावे, व्हॅसलीन नव्हे, कारण आतले रबर ईपीडीएम निघाले तर ते फुगेल. दाब भरलेला पंप डिकीत ठेवून गाडी उन्हात उभी करू नये.

सुट्या भागांची चौकशी पैसे देण्याआधी करावी. आयके पंपांसाठी सील आणि नोझलचे संच वेगळे मिळतात, मात्र ते प्रत्येक विक्रेत्याकडे असतीलच असे नाही. रोपवाटिकेतल्या पंपाचे असे काही मिळत नाही, तरी त्याची ओ-रिंग हार्डवेअरच्या दुकानात मापाने जुळवता येते. जुनी ओ-रिंग सोबत न्यावी, मात्र फुगलेली नेऊ नये, माप चुकते.