नऊ महिन्यांचे समुपदेशन: वाक्यातला ‘च’ आणि दिवाणावरचे कपडे

गेल्या वर्षी मार्चअखेरीस दिवसाची रोकड ३५० रुपयांनी जुळेना, म्हणून मी बँकेतील एका कनिष्ठ सहकाऱ्याला ग्राहकांसमोर फैलावर घेतले. चूक माझ्याच नोंदीतली निघाली. त्याची मी माफी मागितली, पण पुढच्या तीन रात्री झोप लागली नाही, आणि असे प्रसंग वर्षभरात वाढतच चालले होते. आमच्या डॉक्टरांनी थायरॉईड आणि बी-१२ तपासून घेतले. दोन्ही ठीक आल्यावर समुपदेशनाचा विषय त्यांनीच काढला. घरी अर्थातच ‘तुला काय वेड लागलंय का?’ हा प्रश्न आला.

पहिल्या ठिकाणी मी दोनच बैठकांत थांबले. समोरच्या व्यक्तीचा मोबाईल सतत वाजत होता आणि ‘पहाटे उठा, ध्यान करा’ यापलीकडे काही पदरात पडले नाही. तेवढ्यावरून समुपदेशनच कुचकामी ठरवून मी मोकळी होणार होते. मैत्रिणीने आग्रह केला नसता तर झालेही असते. दुसऱ्या ठिकाणी जाताना मात्र शिक्षण कोणते, कोणत्या पद्धतीने काम करता आणि साधारण किती बैठका लागतील, हे तिन्ही प्रश्न मी फोनवरच विचारून घेतले.

तिथल्या मानसशास्त्रज्ञ विवेकनिष्ठ मानसोपचार पद्धतीने काम करतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी ही पद्धत १९५५ च्या सुमारास मांडली, आणि कि. मो. फडके यांच्या लेखनामुळे ती अनेक मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. घटना आणि आपली भावना यांच्यामध्ये त्या घटनेविषयीचा आपला समज उभा असतो, आणि भावनेची तीव्रता बव्हंशी तो समज ठरवतो, असा तिचा गाभा. हे मी वाचलेले होते, नव्हे, इतरांना ऐकवलेलेही होते. परंतु वहीत घटना, समज आणि भावना असे तीन रकाने आखून रोजचा एक प्रसंग लिहायला लागल्यावर चौथ्या आठवड्यात बाईंनी लाल पेनाने माझ्या मधल्या रकान्यातले एकेक अक्षर गोल केले, आणि ते सगळे ‘च’ होते. ‘हिशेब पहिल्या फटक्यात जुळलाच पाहिजे.’ ‘मला कोणी बोट दाखवताच कामा नये.’ ‘मुलीने सांगितल्याबरोबर उठलेच पाहिजे.’ हिशेब जुळावा ही इच्छा गैर नाही. तिचा हट्ट झाला की चूक दिसताच संताप येतो. ‘च’ काढून तेच वाक्य मोठ्याने वाचायचे, एवढाच त्या दिवशीचा गृहपाठ होता. मला तो बाळबोध वाटला होता.

आमच्या भाषेत काळजी आणि चिंता हे शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरले जातात. त्या दोघींत भेद करायला मी इथे शिकले. तपासनीस येणार म्हणून कागद आदल्या दिवशी लावून ठेवणे ही काळजी, आणि तेच कागद रात्री दोन वाजता मनात पुन्हा पुन्हा लावत बसणे ही चिंता.

सर्वांत अवघड गृहपाठ घरचा होता. पाहुणे येणार असताना दिवाणावरचा वाळलेल्या कपड्यांचा ढीग उचलायचा नाही. जाऊबाई आल्या तेव्हा माझे हात अक्षरशः शिवशिवत होते आणि त्या काय म्हणतील याची तीन-चार वाक्ये मी मनात तयार ठेवली होती. त्यांनी ढीग थोडा सरकवला, टेकल्या, आणि त्यांच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची हकीकत सांगता सांगता माझ्या मुलीचे मोजे जोडीने लावू लागल्या. चहा होईपर्यंत अर्धा ढीग घड्या होऊन बाजूला पडला होता. ढीग उचलायला मी एकदाही उठले नाही, हे मला त्या गेल्यानंतर लक्षात आले.

खर्चाविषयी स्पष्ट लिहिते. ५० मिनिटांच्या बैठकीचे १,२०० रुपये, आधी दर आठवड्याला, नंतर पंधरवड्याने आणि आता महिन्याने. अशा २० बैठकांचे २४,००० रुपये झाले. माझ्या विमा पॉलिसीत हा खर्च बसत नव्हता. सहा-सात बैठका अगदीच कोरड्या गेल्या, आणि ऑनलाइन घेतलेल्या दोन तर घरातल्या वर्दळीमुळे वायाच गेल्या. राग अजूनही येतो. पूर्वी तो दोन-दोन दिवस मुक्कामाला असे, आता बहुतेकदा रात्रीच्या जेवणापर्यंत ओसरतो. एप्रिलमध्ये त्याच सहकाऱ्याची नोंद चुकली, तेव्हा मी त्याला आत बोलावून चूक दाखवली. आवाज थोडा चढलाच होता.

ज्यांची झोप-भूक आठवडेच्या आठवडे बिघडली आहे किंवा जगणेच नकोसे वाटते आहे, त्यांनी माझ्यासारखे वहीवर विसंबून राहू नये. औषधांची गरज आहे का, हे मनोविकारतज्ज्ञ ठरवू शकतात. तातडीच्या वेळी सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आणि चोवीस तास उपलब्ध असतो, आणि तिथे मराठीत बोलता येते.

पुढची बैठक येत्या शनिवारी आहे. या वेळी वहीत भावाचे नाव लिहिले आहे; वडिलांच्या घराच्या वाटणीनंतर आम्ही बोललेलो नाही, आणि हा विषय मी नऊ महिने टाळत आले आहे. मधला रकाना अजून रिकामा आहे.