वीस रुपयांचा अपघात विमा: पाय जागेवर होते, तरी पैसे मिळाले

आमच्या मालकांच्या पासबुकात दर मे महिन्यात एक बारीक नोंद यायची. आधी १२ रुपये, २०२२ पासून २० रुपये. २०१५ साली गावात बँकेची माणसं आली होती, तेव्हा त्यांनी प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेच्या फॉर्मवर सही केली होती. नंतर घरात कुणाच्या ध्यानातही राहिलं नाही. मार्च २०२४ मध्ये ते चिंचेवरून पडले, तोवर सगळे मिळून १२४ रुपये कटले होते.

आम्ही अंबाजोगाई तालुक्यातले. जमीन नाही. उन्हाळा लागला की लोकांच्या बांधावरची चिंचेची झाडं ठरवून घ्यायची, झोडायची, घरी बसून चिंच फोडायची आणि विकायची. त्या दिवशी फांदी मोडली आणि ते पाठीवर आपटले. मणक्याला मार बसला. कमरेखालचं काहीच कळत नाही, लघवी-संडाससुद्धा. पाय मात्र दिसायला होते तसेच आहेत, आणि सगळा घोळ त्यावरूनच झाला.

दवाखान्यातून घरी आल्यावर माझ्या मुलीनं पासबुक उघडून ती २० रुपयांची नोंद दाखवली. ती तेव्हा अकरावीत होती. मी बँकेत गेले. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "ताई, पाय कापावा लागला का?" मी नाही म्हणाले. "मग क्लेम बसत नाही," एवढं बोलून त्यानं पुढच्या माणसाला बोलावलं. मी तशीच एसटीत बसून घरी आले. गावातले शहाणे लोकही तेच सांगत होते, हात-पाय तुटला तरच पैसे मिळतात म्हणून.

मुलीनं योजनेचे नियम मराठीतून काढले आणि मला दोनदा वाचून दाखवले. दोन्ही डोळे पूर्ण जाणं, दोन्ही हातांचा किंवा दोन्ही पायांचा वापर जाणं, किंवा एक डोळा आणि एका हाता-पायाचा वापर जाणं, ह्याला पूर्ण अपंगत्व धरतात आणि २ लाख देतात. एकच डोळा किंवा एकाच हाता-पायाचा वापर गेला तर १ लाख. शब्द 'वापर' आहे. माझ्या माणसाला पाय आहेत, पण पायांचा वापर उरलेला नाही. हा एक शब्द हाताशी नसता तर मी पुन्हा त्या बँकेची पायरी चढले नसते.

दुसऱ्या खेपेला मी दीराला सोबत नेलं आणि फॉर्म देऊन पोच घेतली. फॉर्म शक्यतो अपघातापासून ३० दिवसांत द्यायचा असतो, आणि मणक्याचा डॉक्टर तर सहा महिने झाल्याशिवाय 'कायमचं' असं लिहून देत नव्हता. म्हणून आम्ही आधी फॉर्म दिला आणि अपंगत्वाचा दाखला नंतर जोडला. झाडावरून पडणं, साप चावणं अशा अपघातांना दवाखान्यातली तातडीची नोंद चालते. भरती करताना मी "चिंचेवरून पडले" असं सांगितलं होतं आणि केसपेपरवर तसंच लिहिलेलं होतं. तो कागद पुढं फार कामाला आला.

तरीही विमा कंपनीनं पहिल्यांदा क्लेम परत पाठवला. आमच्या दाखल्यावर अपंगत्वाचे नुसते टक्के होते. हा विमा टक्के बघत नाही, दोन्ही पायांचा वापर कायमचा गेला का एवढंच बघतो. आम्ही पुन्हा डॉक्टरांकडं गेलो. पायांत ताकद अजिबात नाही आणि सुधारण्याची शक्यता नाही, असं त्यांनी स्पष्ट लिहून दिलं. ते पत्र लावून कंपनीच्या तक्रार विभागाला अर्ज केला. त्यांनी नाही म्हटलं असतं किंवा महिनाभर उत्तर दिलं नसतं, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडं, म्हणजे विमा कंपनीविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडं, जायची तयारी होती. तिथं फी लागत नाही, वकीलही लागत नाही. तशी वेळ आली नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये खात्यावर २ लाख जमा झाले. मी मशीनवर पासबुक छापून घेतलं आणि तिथंच बाकड्यावर बसून रडले.

आता उणं काय ते सांगते. अर्धे पैसे उसनवारी फेडण्यात गेले. राहिलेल्यात पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून हवेची गादी घेतली, चाकाची खुर्ची घेतली. लघवीची नळी ठरल्या वेळी बदलावी लागते, डायपर रोज लागतात, आणि दर दोन तासांनी कूस बदलायला माणूस लागतं. ते माणूस मी आहे, त्यामुळं माझी मजुरीही बुडाली. हा खर्च महिन्याचा महिन्याला येतो आणि विमा एकदाच देतो. एलआयसीच्या पॉलिसीला अपघात आणि अपंगत्वाचा जो जोड मिळतो, त्यात अपंगत्वाची रक्कम दहा वर्षं दरमहा हप्त्यानं येते. माझ्या भावाच्या पॉलिसीला तो आहे, त्यानं कागद दाखवले तेव्हा कळलं. आमच्यासारख्या घराला तसंच पाहिजे होतं. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजना आहे, पण ती सातबारा असलेल्या घरासाठी. आमच्याकडं सातबाराच नाही.

दुसरं उणं मला जास्त लागतं. माझ्या चुलत जावेचे मालक लकव्यानं अंथरुणाला खिळलेत. त्यांचेही २० रुपये कटत होते. त्यांना काही मिळालं नाही, कारण हा विमा फक्त अपघाताचा आहे. तिचे आणि माझे दिवस सारखेच जातात. तीही रात्री उठून कूस बदलते.

पाचपैकी विचाराल तर मी तीन देईन. २० रुपयांत ह्यापेक्षा जास्त कुणी देत नाही आणि १८ ते ७० वयाच्या प्रत्येकानं तो घ्यावा, हे मी गावात घरोघर सांगते. मे महिन्याच्या शेवटी खात्यात पैसे ठेवा. एका वर्षी माझ्या खात्यावर शिल्लक नव्हती आणि माझा विमा बंद पडला, ते मला पुढच्या वर्षी कळलं. आता मी चालू करून घेतलाय. मुलीला अठरा पूर्ण झाली तशी तिचाही फॉर्म भरला.