२०१२ ची जर्मन डिझेल सेडान: वायरिंग, सेन्सर आणि एअरबॅगचा दिवा, वर्षभर वापरून आलेला अनुभव

मागच्या पावसाळ्याआधी सेकंडहँड घेतली, आता दुसरा पावसाळा तोंडावर आलाय. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन याबद्दल फार लिहीत नाही, ते सगळं उत्तम आहे, खंबाटकी चढताना गाडी भरलेली असली तरी जाणवत नाही आणि सातारा-पुणे करून उतरल्यावर पाठ दुखत नाही. लिहायचंय ते डॅशबोर्डवरच्या दिव्यांबद्दल, कारण घ्यायच्या आधी मी शोधत होते तेव्हा मायलेजवर ढीगभर माहिती मिळाली पण इलेक्ट्रिकल आणि सेफ्टी सेन्सरवर मराठीत धड काही सापडलं नाही. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाहीये, त्या काळातल्या बहुतेक महागड्या गाड्यांची रचना या बाबतीत सारखीच आहे.

अशा गाड्या इतक्या स्वस्त का मिळतात तेही सांगते. दिल्ली-एनसीआरमध्ये १० वर्षांवरच्या डिझेल गाड्या चालवायला एनजीटीने (राष्ट्रीय हरित लवाद) २०१५ मध्ये आणि सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मनाई केली, त्यामुळे तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या एनओसी (आरटीओचं ना-हरकत पत्र) घेऊन आपल्याकडे यायला लागल्या. माझीही तिकडचीच. बॉडी चकाचक, लेदर चांगलं, किंमत नव्या हॅचबॅकपेक्षा कमी. पण वायरिंग आणि सेन्सर वयानेच थकलेले असतात आणि ते पॉलिश करून चकाकत नाहीत.

पहिला त्रास सुरू झाला तो एका सकाळी एकदम सगळे दिवे लागून. एबीएस (ब्रेक मारल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा), ईएसपी (गाडी घसरू न देणारी), एअरबॅग, स्टीअरिंग, टायर प्रेशर, सगळं एकदम. माणूस घाबरतोच. एका गॅरेजमध्ये स्कॅनर (गाडीने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र) लावून मोठी यादी काढून दिली आणि एबीएस मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा कॉम्प्युटर, बदलावं लागेल म्हणाले, आकडा लाखाच्या पुढचा. मी गाडी तिथून काढली आणि ओळखीच्या इलेक्ट्रिशियन काकांकडे नेली, ते यादी बघायच्या आधी मल्टिमीटर घेऊन डिकीकडे गेले (बॅटरी डिकीत असते या गाडीत). रात्रभर उभ्या गाडीत बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, माझी १२ च्याही खाली. स्टार्टर मारला की आणखी खाली, ९ च्या घरात. काका म्हणाले, "ताई, एवढ्या व्होल्टेजला एकही मॉड्यूल खरं बोलत नाही."

हे नीट समजून घ्या कारण इथेच लोकांचे सगळ्यात जास्त पैसे जातात. या गाड्यांत डझनावारी छोटे कॉम्प्युटर असतात आणि ते एकमेकांशी कॅन बस नावाच्या दोन पिळलेल्या वायरींवरून बोलतात, बॉशने १९८६ मध्ये आणलेली ही पद्धत आज जवळपास प्रत्येक गाडीत आहे. व्होल्टेज पडलं की एक कॉम्प्युटर गप्प होतो, मग त्याची वाट बघणारे बाकीचे आपापली तक्रार नोंदवतात, आणि यादी लांबलचक होते. यादीतला प्रत्येक कोड म्हणजे बिघडलेला पार्ट नाही. आधी बॅटरी, अर्थिंग आणि चार्जिंग बघायचं (गाडी चालू असताना साधारण १३.८ ते १४.७ व्होल्ट), कोड पुसायचे, थोडं चालवायचं आणि परत जो येईल त्याच्याच मागे लागायचं.

पण बॅटरी उतरली का, हा पुढचा प्रश्न. नवी टाकून मोकळे झालो असतो तर तीही उतरली असती. काकांनी काय केलं ते बघण्यासारखं होतं. डिकी उघडी ठेवून तिचं लॉक स्क्रूड्रायव्हरने दाबून बंद केलं, म्हणजे गाडीला वाटावं डिकी लागली आहे, दरवाजे लॉक केले, चावी लांब नेऊन ठेवली आणि निगेटिव्ह केबलला क्लॅम्प मीटर (वायरभोवती अडकवून करंट मोजणारा) लावून शांत बसून राहिले. सगळे मॉड्यूल झोपायला अर्धा तास तरी लागतो. झोपल्यावर करंट ५० मिलिअँपिअरच्या आत यायला हवा, माझा ४०० च्या आसपास अडकून राहिला. हिशोब करा, ०.४ अँपिअर म्हणजे दिवसाला साडेनऊ-दहा अँपिअर-अवर, ८० ची बॅटरी चार-पाच दिवसांत अर्धी. फ्यूज एकेक उपटून बघायचे नाहीत, त्याने मॉड्यूल परत जागे होतात, फ्यूजच्या डोक्यावर मिलिव्होल्ट मोजत जायचं. तसं मोजत मोजत छतातल्या लाइटच्या लाइनपर्यंत पोचलो आणि तिथे जुन्या मालकाने कधीतरी बसवलेल्या डॅशकॅमची उरलेली वायरिंग निघाली, कॅमेरा काढून नेलेला पण त्याचा कन्व्हर्टर (कॅमेऱ्यासाठी व्होल्टेज कमी करणारा छोटा डबा) आत तसाच, हाताला गरम लागत होता. तो काढला, नवी एजीएम (सील केलेली, अशा गाड्यांसाठीची) बॅटरी टाकली, स्कॅनरने गाडीला बॅटरी बदलल्याचं कळवलं (या गाड्या बॅटरीच्या वयानुसार चार्जिंग ठरवतात, त्यामुळे ही नोंद करून घ्याच) आणि लाखाचं एबीएस मॉड्यूल आजतागायत ठणठणीत आहे.

एबीएसचा खरा बिघाड नंतर आला, मागच्या डाव्या चाकाचं बेअरिंग बदलल्यावर. दुसरीकडे बदलून घेतलं होतं, गाडी बाहेर काढताच दिवा. स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघितला तर तीन चाकं २० किमी दाखवतायत, चौथं शून्य. ते लोक म्हणाले सेन्सर गेला, नवा टाका. खरं कारण वेगळं होतं. हल्लीच्या बेअरिंगच्या एका बाजूच्या सीलमध्येच चुंबकाची रिंग असते, सेन्सर तीच वाचतो, आणि बेअरिंग उलटं बसवलं की सेन्सरसमोर नुसतं रबर येतं. दिसायला दोन्ही बाजू जवळपास सारख्या. बसवायच्या आधी बेअरिंगवर टाचणी धरून बघायची, चिकटते ती बाजू सेन्सरकडे. एवढंच. उलटं दाबलेलं काढताना बेअरिंग खराब होतंच, त्यामुळे नवीन आणावं लागलं.

आता एअरबॅग. या भागासाठीच खरं तर लिहायला बसले.

पुढच्या डाव्या सीटवर माझी आई बसते. एअरबॅगचा लाल दिवा लागला की त्या गाडीत आईला बसवायचं नाही, हे माझं पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं, कारण बऱ्याच गाड्यांत सर्किटमध्ये दोष नोंदला गेला की काही एअरबॅग किंवा अख्खी सिस्टीमच बंद ठेवली जाते. ऑनलाइन मिळणारं पाचशे-हजाराचं ब्लूटूथ डोंगल इथे उपयोगाचं नाही, ते इंजिनचे कोड वाचतं, एअरबॅगच्या मॉड्यूलपर्यंत सहसा पोचत नाही. त्या कंपनीच्या गाड्यांचा स्कॅनर असलेला माणूसच गाठावा लागतो. माझा कोड होता पुढच्या सीटच्या सेन्सर मॅटचा. सीटच्या फोमवर, लेदरखाली एक पातळ मॅट असते, कोणी बसलंय की सीट रिकामी आहे हे ती सांगते, आणि बसून-उठून वर्षानुवर्षं दुमडल्याने तिच्यातले पातळ ट्रॅक तुटतात. त्याआधी सीटखालचे पिवळे कनेक्टर बघून घ्या, सीट मागेपुढे करताना किंवा व्हॅक्यूम क्लीनरचा पाइप घालताना ते सैल होतात आणि अर्ध्या केसेस तिथेच सुटतात. माझे कनेक्टर घट्ट होते, मॅटच गेलेली.

आणि इथे मला जे सांगण्यात आलं त्याचा अजून संताप येतो. एका ठिकाणी म्हणाले, "ताई, रेझिस्टर टाकून देतो, दिवा जाईल, मॅटबिट कशाला बदलता." तिथे हे सर्रास चालतं असं ते स्वतःच सांगत होते. एअरबॅगचं मॉड्यूल प्रत्येक सर्किटमधून अगदी बारीक करंट सोडून रेझिस्टन्स तपासत असतं, एअरबॅग पेटवणाऱ्या भागाचा तो दोन-तीन ओहमच्या घरात असतो, तेवढा रेझिस्टर जोडला की मॉड्यूलला वाटतं एअरबॅग जागेवर आहे. म्हणजे आधी अपघात झालेल्या, एअरबॅग उडून गेलेल्या गाडीतसुद्धा दिवा बंद दिसू शकतो. कोणाची तरी आई, कोणाचं तरी मूल त्या सीटवर बसणार असतं हो! आपल्याकडे ड्रायव्हर एअरबॅग सक्तीची झालीच २०१९ मध्ये, त्यामुळे जुन्या गॅरेजवाल्यांचा या कामाशी फारसा संबंध आला नव्हता हे मान्य, पण माहीत असून फसवणं वेगळं.

मॅट बदलायला अख्खी सीट काढून लेदर उतरवावं लागलं आणि नंतर स्कॅनरवर रिकाम्या सीटचं कॅलिब्रेशन. काम सुरू करताना काकांनी बॅटरीचा निगेटिव्ह काढून चांगली दहा-पंधरा मिनिटं हात लावला नाही, मॉड्यूलच्या कपॅसिटरमध्ये चार्ज शिल्लक असतो म्हणून. एअरबॅगच्या वायरला साधा मल्टिमीटर कधीही लावायचा नाही, त्याच्या करंटने ती फुटू शकते. हे घरी करायचं काम नाही. सीट उतरलीच होती तर मी जाड सीट कव्हरं कायमची काढून टाकली, कारण या गाडीची साइड एअरबॅग सीटच्या पाठीतच आहे आणि शिवलेल्या कव्हरातून तिला वेळेत बाहेर यायला वाट मिळत नाही. लेदर उन्हाने खराब होईल असं घरचे म्हणाले, होऊदे.

त्या वर्षांतली कुठलीही गाडी घेत असाल तर १७ अंकी-अक्षरी चॅसिस नंबर कंपनीला देऊन टकाटा (एअरबॅग बनवणारी जपानी कंपनी) एअरबॅगचं रिकॉल बाकी आहे का ते विचाराच. जगभरात सुमारे १० कोटी इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) परत बोलावले गेले, त्यातलं अमोनियम नायट्रेट उष्ण आणि दमट हवेत वर्षानुवर्षं राहून बिघडतं आणि एअरबॅग फुटताना धातूचे तुकडे अंगावर येतात, लोक मेलेत त्यात. २०१७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत गेली पण गाड्या अजून रस्त्यावर आहेत. मुंबई-कोकणातली हवा कशी असते ते सांगायला नको. रिकॉलमध्ये बदलून देताना पैसे घेत नाहीत.

पावसाळ्याचं एक राहिलं. सनरूफच्या चारही कोपऱ्यांना पाणी जायला बारीक नळ्या असतात, झाडाखाली गाडी लावली की त्यात गुलमोहराची पानं-पाकळ्या जाऊन बसतात, मग पाणी आतून खांबातून उतरून कार्पेटखालच्या फोममध्ये साठतं, आणि याच फोमजवळ मॉड्यूल आणि वायरिंगचे जोड आहेत. वरून कार्पेट कोरडं लागतं, हाताने जोरात दाबलं की बोटं ओली होतात. माझ्या ड्रायव्हर साइडला एक अर्थिंगचा जोड हिरवा पडलेला निघाला, काचा मधेच आपोआप खाली जायच्या त्या याच्यामुळे. जोड घासून परत घट्ट केला, फोम पूर्ण वाळवला. नळ्या साफ करताना कॉम्प्रेसरची हवा मारू देऊ नका, आतल्या आत नळी निसटते, गवत कापायच्या मशीनची नायलॉन दोरी घालून हळूहळू साफ करायच्या आणि सनरूफच्या चॅनलमध्ये तांब्याभर पाणी ओतून खाली चाकाजवळ येतंय का ते बघायचं. मे महिन्यात हे करूनच टाकायचं.

घ्यायला जाल तेव्हा गाडी आदल्या रात्रीपासून बंद ठेवायला सांगा आणि सकाळी पहिला स्टार्ट स्वतः करा. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा लागलाच पाहिजे आणि काही सेकंदांनी विझलाच पाहिजे. लागलाच नाही तर दिवाच काढलाय किंवा झाकलाय असं समजा, आणि दुसऱ्या एखाद्या दिव्याच्या बरोबरीनेच लागत-विझत असेल तर वायर जोडून ठेवलीय का ते तपासा. विकणारा स्कॅनर लावू देत नसेल तर मी तरी ती गाडी घेणार नाही, कितीही स्वस्त असली तरी. गाडीच्या किमतीवर निदान पंधरा-वीस टक्के पहिल्या वर्षासाठी बाजूला ठेवा, माझे तेवढे गेले, त्यात बॅटरी आणि सीटची मॅट हे मोठे खर्च, बाकी बहुतेक मजुरीच.

सध्या एकच दिवा आहे, उजव्या मागच्या टायरच्या प्रेशर सेन्सरचा. त्याच्या आतली बॅटरी सील केलेली असते, पाच ते दहा वर्षांत संपते आणि अख्खा सेन्सरच बदलावा लागतो. टायर दिवाळीत बदलायचेच आहेत, तेव्हा चारही सेन्सर एकदम टाकून घेईन, तोपर्यंत पेट्रोल पंपावर दर आठवड्याला हवा चेक करतेय. कोणाला पुण्यात स्कॅनरवाला किंवा सीट मॅटचं काम करणारा माणूस हवा असेल तर विचारा, सांगते.