अण्णांच्या जिभेचं ऑपरेशन, आयोडीन आणि बिलातली ती एक ओळ

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये कारण बिलिंगवाल्यांशी अजून वाद चालूय. नवी मुंबईतलंच आहे, आमच्या नोडपासून रिक्षाने पंधरा मिनिटं. सर्जनच्या टीमला पैकीच्या पैकी, एक स्टार कापलाय तो खालच्या काउंटरसाठी.

तर अण्णा म्हणजे माझे वडील. मूळचे पाटणकडचे, एपीएमसीत कांदा-बटाटा मार्केटला माथाडी होते, चाळीस वर्षं तंबाखू-चुना. जिभेच्या डाव्या कडेला जखम झालेली, दोन महिने झाले तरी भरेना आणि हे आपले 'दात लागतोय रे' म्हणून दिवस काढतायत. शेवटी ओढत कोपरखैरणेत डेंटिस्टकडे नेलं. त्याने टोल्युडिन ब्लू म्हणून निळा रंग लावला, चूळ भरायला लावली, बाकी सगळं धुऊन गेलं पण जखमेच्या बाजूचा पट्टा गडद निळा राहिला. म्हणाला पेशी भराभर वाढत असल्या की त्यातल्या डीएनएला हा रंग धरतो, पण साधं तोंड आलं असेल तरी धरू शकतो, त्यामुळे बायोप्सी लागणारच. बायोप्सी आली, कॅन्सर.

सर्जनला मी पहिलाच प्रश्न विचारला की सर कुठपर्यंत कापायचं ते कसं ठरवता, कारण जीभ आहे, जास्त गेली तर बोलणं-गिळणं गेलं आणि कमी गेली तर आजार आतच राहिला. डॉक्टर चिडले नाहीत, नीट बसून सांगितलं. दिसणाऱ्या गाठीच्या बाहेर साधारण एक सेंटीमीटर घेतात, कारण कापलेला तुकडा आकसतो, आणि रिपोर्टमध्ये निदान 5 मिलीमीटर चांगली कड निघाली तर मार्जिन क्लिअर म्हणतात. पण गाठीच्या आजूबाजूची चामडीसुद्धा तंबाखूने बिघडलेली असते आणि ती डोळ्याला दिसत नाही, म्हणून पेशंट झोपल्यावर कापायच्या आधी ते ल्यूगोल आयोडीन लावतात.

आता हे आयोडीन कसं काम करतं ते ऐकून मला शाळेतला बटाटा आठवला. बटाट्यावर आयोडीन टाकलं की काळानिळा होतो ना, स्टार्चमुळे, तसंच आपल्या तोंडातल्या निरोगी पेशींत ग्लायकोजेन साठलेलं असतं, स्टार्चचाच भाऊ, त्यावर आयोडीन पडलं की तपकिरी होतं. कॅन्सरच्या पेशी ते ग्लायकोजेन खाऊन बसलेल्या असतात, त्यामुळे तिथं रंगच चढत नाही, फिकट राहतं. म्हणजे डेंटिस्टच्या निळ्याच्या बरोबर उलटं. गर्भाशयाच्या मुखाच्या तपासणीत हेच आयोडीन कधीपासून वापरतात म्हणे. अण्णांना समजावलं तर म्हणाले, 'सडका बटाटा कापताना आम्ही बी जरा चांगलं घेऊनच कापतो की.' डॉक्टर खूप हसले.

नंतर डॉक्टरांनी फोटो दाखवला. जिभेची कड तपकिरी आणि मधे फिकट पॅच, पण जखम होती त्यापेक्षा मोठा, मागच्या बाजूने जिभेखाली उतरलेला. नुसत्या डोळ्याने मी तरी तिथं काहीच दिसतंय असं म्हटलं नसतं. त्यांनी त्या फिकट रेषेच्या बाहेरून खुणा केल्या. पण रंग फक्त वरचं सांगतो, खोली नाही, त्यासाठी एमआरआय, बोटाने चाचपणं आणि फ्रोझन, म्हणजे कडेचा तुकडा गोठवून लगेच मायक्रोस्कोपखाली. मागच्या कडेचा एक तुकडा शंकास्पद आला म्हणून तिथं अजून थोडं घेतलं. त्या अर्ध्या तासात बाहेर आमचा जीव अर्धा झाला, पण आता वाटतं बरं झालं तेव्हाच कळलं. मानेतल्या गाठीही काढल्या. फायनल रिपोर्टमध्ये सगळ्यात जवळची कड 7 मिलीमीटर.

हे सगळीकडे सगळ्यांना चालतंच असं नाही हेही त्यांनी आधीच सांगितलं. हिरडीवर आणि टाळूवर कातडी जाड असते, तिथं निरोगी असूनही रंग नीट धरत नाही, आणि सूज असली तरी फसवतं. आयोडीनची ॲलर्जी आणि थायरॉईड आहे का ते भरती होताना दोनदा विचारलं. याला मार्क द्यायलाच पाहिजेत.

नर्सिंग चांगलं, नाकातल्या नळीतून कसं भरवायचं ते आईला एका सिस्टरने तीन वेळा न वैतागता दाखवलं. कॅन्टीन महाग आणि चहा पाणचट.

आता काउंटर. बिलात एक ओळ, 'अॅडव्हान्स्ड म्युकोझल मॅपिंग', साडेचार हजार. टीपीएने, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम बघणाऱ्या एजन्सीने, ती ओळ उडवली, मग आमच्याकडे मागायला लागले. मी विचारलं हे काय, तर कुणालाच माहीत नाही. डॉक्टरांना फोन केला तर म्हणाले अहो ते आयोडीनच असेल! ल्यूगोल हा फ्रेंच डॉक्टर, 1829 सालचं त्याचं द्रावण, बाटली काही शे रुपयांत मिळते, आणि नाव बघा काय लावलंय. डॉक्टरांनी स्वतः मेल केला तेव्हा 'रिफंड प्रोसेसमध्ये आहे' झालं, त्याला आज पाच आठवडे.

अण्णा आता मऊ भात-आमटी खातात, 'र' म्हणताना अडखळतात, स्पीच थेरपी चालूय. जाणार असाल तर सकाळी साडेनऊच्या आत जा, नंतर ओपीडीत उभं राहायला जागा नसते, आणि बिल घेताना प्रत्येक ओळ वाचून मगच सही करा.